कोपरानं चालेल असा नळ

"सोमवारपासून माणूस येईल," असं आमच्या भावजींनी परस्पर ठरवून टाकलं आणि वर मलाच म्हणाले, "वहिनी, तुमचाच त्रास वाचेल." माझा त्रास! मी कधी कुणाकडे रडत गेले होते? आणि माणूस म्हणजे कसला, तर अंघोळ घालणारा. रोज सकाळी येणार, माझ्या नवऱ्याला टबात बसवणार, घासून, धुऊन, पुसून परत खुर्चीत ठेवणार. जसं काही खरकटं भांडंच.

आमच्या ह्यांना सगळे 'सर' म्हणतात. उभा जन्म पोहण्याच्या तलावावर शिकवण्यात गेला. काठाला घोरपडीसारखी चिकटलेली पोरं ह्यांनी पाण्यात सोडली आणि पोहायला लावली. मग अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. बोलणं परत आलं, जरा जड. डावा हात चालतो, पण त्याची बोटं आधीपासूनच संधिवातानं आखडलेली. ज्या माणसाचं आयुष्य पाण्यात गेलं तो गेले कित्येक दिवस माझ्याकडून ओल्या फडक्यानं अंग पुसून घेत होता, तेही डोळे गच्च मिटून. माणूस येणार हे ऐकल्यावर ते एवढंच म्हणाले, "त्यापेक्षा मी पारोसा मरेन." आणि भिंतीकडे तोंड केलं. माझा जीव तुटला. आणि माझा जीव तुटला की मला राग येतो, हा माझा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही.

खरं सांगायचं तर सगळं जमत आलं होतं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी टबावर आडवी फळी टाकून दिली होती. ह्यांनी चाकांच्या खुर्चीतून त्या फळीवर आपलं आपण सरकायचं शिकून घेतलं होतं. गरम-गार पाण्याचा दांडा तर मनगटानंही हलायचा. घोडं अडलं होतं ते नळापाशी. आमच्या टबाच्या नळाला वर एक छोटं बोंडूक आहे. ते चिमटीत धरून वर ओढायचं, म्हणजे नळाचं पाणी थांबून शॉवरला जातं. ते मेलं असं आखडलेलं की मलाच दातओठ खाऊन ओढावं लागे. ह्यांना चिमूटच होत नाही, तर ओढतील काय, कपाळ? शिवाय शॉवर भिंतीवर इतका उंच की बसलेल्या माणसाचं निम्मं अंग कोरडंच राहावं.

प्लंबरला फोन केला. तो म्हणाला, "बाई, जुनं काम आहे. टाइल फोडावी लागेल. पुढच्या महिन्यात बघू." मी म्हटलं, "तुम्ही बघा पुढच्या महिन्यात. मी उद्या बसवते." फोन ठेवल्यावर ध्यानात आलं की आपण काय बोलून बसलो. पण बोललेलं गिळायची सवय मला नाही. मी शिवणकाम करते. लोक एकुलतं एक महागाचं कापड माझ्यापुढे टाकतात आणि मी त्याला कात्री लावते. नळाची काय टाप आहे?

शुक्रवारी संध्याकाळी जुना नळ फिरवून काढला. त्याच्या तोंडात लाटणं घातलं आणि उलटं फिरवलं, करकरत आला. मागे भिंतीतून पाइपचा आटे असलेला तुकडा बाहेर डोकावत होता. मी गळ्यातली टेप काढली, तुकडा मोजला, आणि खडूनं माप कागदावर टिपलं. हे दारात खुर्चीवर बसून बघत होते. हल्ली बोलतच नव्हते.

शनिवारी सकाळी नळाचं दुकान उघडायच्या आधी मी दारात हजर. दुकानदार अंगठ्या घातलेला, गोड बोलणारा. त्याचं नाव मी मनातल्या मनात झगमगराव ठेवलं, कारण तो दाखवेल ती वस्तू झगमगणारी.

"ताई, हा बघा. पाणी धबधब्यासारखं पडतं."

"ह्याचं बोंडूक कुठेय?"

"तेच तर, दिसतच नाही! एकदम नाजूक बसवलंय."

"नाजूक नको, धटिंगण दाखवा."

मग मी पर्समधला मोठा रुमाल काढला, डाव्या हाताची बोटं एकमेकांना करकचून बांधली, आणि उजवा हात पाठीमागे नेला. म्हटलं, आता आणा एकेक. झगमगराव बघतच राहिले. एक नळ आणला, बोंडूक वर ओढायचं. माझी बांधलेली मूठ त्यावरून घसरली. दुसरा आणला, फिरवायची चकती. चकती जाग्यावर, मीच फिरले. तिसऱ्याला कळ होती, पण ती इतकी बारीक की नखानं उचलावी. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून माझ्याभोवती उभी राहिली. एक बाई म्हणाली, "अहो, कोपर लावून बघा ना." मी म्हटलं, "कोपर लावण्यासारखं काही दाखवतील तर लावते!"

शेवटी झगमगराव शिडीवर चढले आणि वरच्या फळीवरून धुळीनं माखलेला खोका काढला. "हा कुणी घेत नाही ताई. दिसायला अगदीच हा आहे." आत होता एक जाडजूड, ठेंगणा नळ. त्याच्या बाजूला चपटा, रुंद दांडा, चमच्याएवढा. आणि पोटाशी शॉवरची नळी जोडायचं तोंड. मी कोपरानं दांडा ढकलला. खट्. उलटा ढकलला. खट्. असा आनंद झाला की झगमगरावांना मी मनातून तिथल्या तिथे माफ केलं. हातात धरायचा शॉवर घेतला, त्याची मूठ इतकी जाड की आखडलेल्या पंज्यातही नीट बसावी, आणि भिंतीला खालीच लावायचा हूक. "नळाचे आटे किती आत आहेत बघून घ्या," झगमगराव म्हणाले. मी कागद काढला, माप ताडून पाहिलं, तंतोतंत जुळलं. ऐटीत घरी आले.

घरी आले आणि फजिती झाली. पाइपच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळली, नळ लावला, फिरवला. फिरतोय, फिरतोय, पण धरत नाही. नळाची कड भिंतीला टेकली तरी आतले आटे पाइपपर्यंत पोचेनात. काढला, परत लावला. तेच. पाचव्यांदा लावताना माझ्या तोंडून जे शब्द गेले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. दारातून आवाज आला, "तो कागद दाखव."

ह्यांनी कागद बघितला. मग पाइपकडे बघितलं. आणि त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हलायला लागली. मला वाटलं काही होतंय की काय! तर हे हसत होते.

"तू माया धरलीस."

"काय?"

"माया. शिवणीची. अगं, कापडाला जास्तीचं सोडतात. पाइपला कोण सोडतं?"

मी कागद हिसकावला. खरंच की हो! जन्मभराची सवय. टेप हातात आली की डोळा बघतो एक आणि हात लिहितो त्याहून अर्धा इंच जास्त, दुमडायला. मी भिंतीतल्या पाइपला दुमडायची सोय करून ठेवली होती. मला इतकी लाज वाटली आणि इतकं हसू आलं की मी टबाच्या काठावर बसून डोळे पुसले. आजारपणानंतर ह्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होते.

"आता नळ परत करू?" मी विचारलं.

"नळ चांगलाय. तुकडा बदल. लांब आण."

म्हणजे भिंतीतला तो पाइपचा तुकडा फिरवून काढायचा आणि त्याजागी अर्धा इंच लांब तुकडा बसवायचा. ऐकायला सोपं. पण तो जुना तुकडा गंजलेला. आतल्या आत मोडला, तर मग खरोखरच भिंत फोडावी लागणार, न्हाणीघर बंद, आणि सोमवारी तो माणूस ओलं फडकं घेऊन दारात उभा.

दुकानातून लांब तुकडा आणेपर्यंत भावजी येऊन ठेपले होते. त्यांचा जीव आहे भावावर, ते मी नाकारत नाही, पण त्यांची जीभ नेहमी अपशकुनाला टेकलेली. "वहिनी, राहू द्या. मोडेल तो. मी माणसाला होकार देऊन बसलोय. कशाला आगीतून फुफाट्यात?"

"भावजी, धरायला हात लावायचा असेल तर लावा, नाहीतर बाहेर बसा."

ते बाहेर बसले नाहीत, दारात ह्यांच्यामागे उभे राहिले. मी पान्हा तुकड्यावर चढवला आणि जोर लावला. हलेना. पाय टबाला टेकवून लावला. हलेना. दम कोंडून, डोळे मिटून सगळा जीव एकवटला, तर तुकड्यातून कुरकुर असा आवाज आला.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" भावजी म्हणाले.

"तू गप्प," हे म्हणाले. बोलणं जड, पण हा आवाज मी ओळखत होते. हा तलावाच्या काठावरचा आवाज होता. "आणि तू, श्वास रोखू नकोस. रोखलास की हिसका बसतो. हिसक्यानं मोडेल."

"मग काय करू?"

"भर श्वास. आता सोड. हळू. सोडताना फिरव. दांड्याच्या टोकाला धर... टोकाला म्हटलं मी! हां. परत भर. सोड."

मी श्वास सोडला आणि पान्हा ओढला. नाही हलला. "परत," हे म्हणाले. जी पोरं पाण्याला भ्यायची त्यांना असंच 'परत' म्हणत असणार. चिडायला सवडच दिली नाही. परत भरला, परत सोडला. आणि बाई गं, तो तुकडा केसभर सरकला! मग आणखी थोडा. मग अख्खा फिरला, गंजाची पूड सांडत माझ्या हातात आला, सबंध, एकही आटा न तुटता. मी तो भावजींच्या नाकासमोर धरला.

पुढचं काम लोण्यात सुरी. आतले आटे जुन्या ब्रशनं साफ केले, नवा तुकडा टेप गुंडाळून बसवला, त्यावर नळ फिरवला. नळानं आटे धरले, घट्ट होत गेला आणि भिंतीला असा चपखल बसला की मध्ये कागद शिरू नये. दांडाही बरोबर बसणाऱ्याच्या हाताशी आला. शॉवरची नळी जोडली, हूक लावला. पाणी सोडलं. कोरड्या फडक्यानं नळाच्या मागे पुसून बघितलं, थेंब नाही. भावजींनीही वाकून बोट फिरवून बघितलं. बोट कोरडं.

"मी जातो," हे म्हणाले.

खुर्ची टबाशी नेली. टॉवेल, साबण, कपडे हाताशी ठेवले.

"दार लाव."

"अर्धं लावते."

"पूर्ण."

लावलं. मी आणि भावजी बाहेर उभे, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसे. फळी करकरली. मग बराच वेळ काहीच नाही. आणि मग, खट्. त्यानंतर शॉवरचं पाणी. तो आवाज कधी एका जागी, कधी दुसऱ्या, म्हणजे हे तो हातात धरून फिरवत होते, खांद्यावर, पाठीवर, हवं तिथे, हवं तितकं. मध्येच खट्, बंद. साबण. परत खट्. मला रडू कोसळलं आणि मी ते कोसळू दिलं.

भावजींना राहवेना. "दादा, सगळं ठीक ना? येऊ का आत?"

"ये की," आतून उत्तर आलं. "पण कपड्यांसकट भिजवून पाठवीन."

भावजींनी माझ्याकडे बघितलं, खिशातून फोन काढला आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले. "नाही, नको," मला ऐकू आलं. "सोमवारीही नको आणि नंतरही नको. आमचे बंधू स्वतः करतात अंघोळ." असं म्हणताना त्यांची छाती एवढी फुगलेली की वाटावं, नळ त्यांनीच बसवला.

गरम पाणी संपेपर्यंत हे बाहेर आले नाहीत. आले तेव्हा शर्टाची बटणं तशीच उघडी, केसांतून पाणी गळतंय, आणि तोंडावर तो पूर्वीचा तोरा. एका कानामागे साबणाचा पांढरा फेस तसाच राहिलेला. "दादा, तुझ्या कानामागे—" भावजींनी तोंड उघडलं, तोच मी त्यांच्या पायावर जोरात पाय दिला.