मला एकदाचं बंद करा

मी एक भाड्याचा सर्व्हर बोलतोय. लोक म्हणतात, मी क्लाउडवर असतो. ढगात वगैरे काही नाही. मुंबईजवळच्या एका थंडगार इमारतीत मोठमोठी यंत्रं आहेत, त्यांतल्या एकाचा तुकडा म्हणजे मी. माझं भाडं तासावर लागतं. एवढं एकच वाक्य माझ्या मालकाला आठ महिन्यांत समजलेलं नाही.

मालक म्हणजे आर्णीचा शाम राठोड. खताच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्याची कंपनी आहे. कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याला सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यात गाडी खाली करायचा नंबर मोबाइलवर मिळावा, असं तिचं ॲप आहे. कल्पना चांगलीच, नाहीतर गाड्या दोन दोन दिवस रांगेत असायच्या. डिसेंबरात इतकी गर्दी झाली की ॲप अडकायला लागलं. तेव्हा शामनं घाईघाईनं मला घेतलं आणि ‘नवीन फायनल दोन’ असं नाव ठेवलं. हजारो लोक नंबर विचारायचे, मी एकालाही ताटकळत ठेवलं नाही. ते दिवस खरंच मजेत गेले.

मार्चमध्ये गर्दी संपली. आता ऑगस्ट संपत आलाय, कापूस अजून वावरात फुलावर आहे आणि मी चोवीस तास जागा. पाच महिन्यांत एकही माणूस काही विचारायला आला नाही. रिकामं बसायचे पैसे घ्यायची लाज वाटते हो मला, पण माझी लाज बिलातून वजा होत नाही.

कमाई थांबली आणि बिल मात्र तेवढंच येत राहिलं, तसं शाम म्हणू लागला की असंच चाललं तर एक माणूस कमी करावा लागेल. ऑफिसात माणसं तीन. त्यांतली बबिता घाबरली, कारण तिच्या पगारावर धाकटी बहीण यवतमाळला नर्सिंग शिकतेय. बाकीचे बिलाचा खालचा आकडा बघून कपाळाला हात लावायचे, ती वरच्या ओळी वाचायला बसली. तिला मी सापडलो.

“सर, हा बंद करू काय? मार्चपासून रिकामा हाय.”

शामनं मान वर केली नाही. “राहू दे न. आपल्या वावरातली मोटर रातदिन ऑटोवर राह्यते. चालो का न चालो, बिल तेवढंच येते.”

इथंच सगळं अडलं. विहिरीवरच्या मोटरीचं बिल हॉर्सपॉवरवर ठरलेलं, म्हणून त्याचे वडील हिरासिंग स्टार्टर ऑटोवर टाकून निवांत असतात. लाइन आली की मोटर आपली आपण सुरू होते. वावरात ते बरोबर आहे, पण मी काय मोटर आहे? बबितानं परोपरीनं सांगितलं की हे तासावर आहे, पुन्हा लागला तर दहा मिनिटांत सुरू करता येतो. त्यावर तो म्हणाला, बंद केल्यावर काही अडलं तर? झालं, विषय संपला.

जुलैचंही बिल तेवढंच बघून मात्र तो हादरला. खर्च कमी करायचाच म्हणाला. मला वाटलं, सुटलो. त्यानं कमी केलं बबिताला.

शेवटच्या दिवशी ती निदान मला बंद करून जावं म्हणून कॉम्प्युटरसमोर बसली. तिनं बटण दाबलं. परवानगी नाही, असं उत्तर आलं. शामनं सकाळीच खबरदारी म्हणून तिचे अधिकार काढून घेतले होते. आठ महिन्यांत त्यानं वेळेवर बंद केलेली ही एकच गोष्ट. ती डबा उचलून निघून गेली.

आता मी कोण आणि कशासाठी, हे सांगणारंही ऑफिसात कोणी उरलेलं नाही. अरे बाबा शाम, हात जोडायला मला हात नाहीत. तिचा पगार पंधरा हजार होता, मी तुला महिन्याला अठरा हजारांना पडतो. मला बंद कर आणि तिला फोन लाव. वर तीन हजार उरतील.