नव्याचं पोतं

सकाळपासून भुपेंद्रचा पाय एका जागी ठरत नव्हता. फाटकापर्यंत जायचा, रस्त्याकडे बघायचा, परत फिरायचा. चार वाजता नागपूरच्या व्यापाऱ्याचा माणूस मिलच्या आवारातलं धान बघायला येणार होता. पुरेसं दिसलं तर वर्षाचा करार, नाहीतर सिहोऱ्याच्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या कंपनीची ही भात भरडायची मिल हंगामभर बंद. आणि आवारात धान होतं कुठे? ऐन हंगामात तिथे नुसत्या चिमण्या नाचत होत्या.

भुपेंद्र काही झोपा काढणारा मॅनेजर नव्हता. पुण्याहून शिकून आलेला, आल्या आल्या त्याने भिंतीवर तीन वर्षांचा आराखडा लावला होता. त्यातलं पहिलं कलम फाटकावर पाटी होऊन लटकलं: 'दहा पोत्यांखाली धान घेतलं जाणार नाही.' एकेका पोत्यासाठी यंत्र थांबवा, झाडा, पुन्हा चालू करा. वेळ जातो, वीज जाते. कागदावर सगळं बिनचूक होतं. मग चुकलं कुठे? तेच कळेना, म्हणून जीव खालीवर होत होता.

दुपारी कंपनीच्या अध्यक्ष रुखमिणीबाई आल्या, त्या तापलेल्याच.

"नाक्यावरच्या मिलात पाहून आली मी. पाय ठेवाले जागा नाही तिथं."

"काहून पण? भाव तर आपला जास्त आहे."

"भावाचं नाही जी. नव्याचं पोतं परत पाठवलं तुमी लोकायचं."

नवं धान घरी आलं की आधी एकच पोतं भरडायचं. त्याचा पहिला भात देवाला, मग घराला. आणि ज्या मिलात नव्याचं पोतं भरडलं, बाकीचं सारं धान तिथेच न्यायचं. इकडची रीतच ती.

"मले कोणी सांगितलं काहून नाही?"

"सांगाचं काय त्यात? तुमी इथलेच ना?"

भुपेंद्र चिडला, स्वतःवरच. मग एकदम आठवलं: घरी ओसरीत तीस पोती रचलेली आहेत! तेवढी दिसली तरी दोन-चार घरं मागून येतील. त्याने गाडीला किक मारली.

त्याची आई, देवकाबाई, अंगणात धान पाखडत होती.

"आई, आपलं धान मिलात नेतो. आत्ताच."

सूप थांबलं नाही. "नाही जमत बाबू. ते नाक्यावरच्या मिलात जाते."

"अवं, तुया पोरगा मॅनेजर आहे ना इथं!"

"म्हणून तुयाच फाटकावर आली होती आधी. शेजारच्या कैलाशच्या सायकलवर पोतं टाकून. चौकीदारानं पाटी दाखवली. मी म्हटलं, पोराचा नियम आहे, त्याच्या आईनंच कायले मोडावा?"

भुपेंद्र ओसरीच्या पायरीवर बसला.

"मंग नाक्यावर भरडलं," ती म्हणाली. "तुले आवडला होता तो भात. दोनदा मागून घेतला."

"घरी आल्यावर तरी सांगायचं, आई."

"तू दमून येत होता." तिने सुपातलं फोल उडवलं. "पुढच्या साली पहिलं पोतं तुयाकडंच आणीन."

चार वाजता व्यापाऱ्याचा माणूस आला. मोकळं आवार बघून चहासुद्धा न घेता निघाला. त्याची गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा भुपेंद्र स्टुलावर चढून पाटी काढत होता. खिळे त्याने स्वतःच ठोकले होते, चांगले खोलवर.