वास येणारा माणूस

भीतीच्या सिनेमात पहिल्या पाच मिनिटांतच राक्षस दाखवणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. अरे, आधी घर दाखवा, चहा दाखवा, दोरीवर वाळणारे कपडे दाखवा. मग एकच गोष्ट जराशी बिघडवा. ती प्रेक्षकाला कळायला हवी, पडद्यावरच्या माणसाला नाही. तो मजेत चहा पीत राहतो आणि इकडे आपल्या पोटात गोळा येतो. हे मी दर्पणला, म्हणजे माझ्या कॅमेरामनला, इतक्यांदा ऐकवलंय की हल्ली मी तोंड उघडलं की तो लेन्स पुसायला घेतो.

आमच्या लघुपटातला परग्रहावरचा जीव अदृश्य होता, कारण दिसणारा आम्हाला परवडत नव्हता. तो हवेतून यायचा आणि त्याचा नुसता वास यायचा. सुरुवात आमच्याच सालवडच्या खोलीत. कामगार घरी येऊन चहा पितोय. दारातलं मांजर उठून निघून जातं. शेजारचं रडणारं बाळ एकदम गप्प होतं. तो पीतच राहतो. शेवटच्या घोटाला त्याचं नाक हलतं, आणि काळोख.

कामगाराचं काम बाबांना दिलं होतं. बाबा, म्हणजे रामकिसन, परभणीहून इथे आले आणि तारापूरच्या एका केमिकल कंपनीत केस पांढरे करून बसले. प्लँटमध्ये त्यांच्या नाकाचं मोठं नाव होतं. गळती सांगणारं यंत्र होतं तिथे, पण ते उठसूट बोंबलतं म्हणून कुणीतरी त्याची वायर काढून ठेवली होती. पाइप कुठे गळतोय हे बाबा फेरी मारून सांगायचे. तिथे सगळे त्यांना काका म्हणायचे, आणि काका पाळीला असले की पोरं निर्धास्त असायची.

त्या दुपारी, बाबा दुसऱ्या पाळीला निघण्याआधी, आम्ही शूटिंग उरकत होतो. आणि बाबांना नाक काही हलवता येईना. कधी शिंक आल्यासारखं करत, कधी कुणी शिवी दिल्यासारखं. मी वैतागले. शेवटी सडलेली मांदेली मासळी पिशवीत भरून गुपचूप त्यांच्या खुर्चीखाली ठेवली. म्हटलं, आता बघूच कसं नाक हलत नाही ते.

कॅमेरा सुरू झाला. दर्पणने एका हाताने रुमाल तोंडावर धरला. शेजारच्या स्वातीकाकूंनी खिडकी आपटून लावली. बाबांनी शेवटच्या घोटापर्यंत चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "आता हलवू का नाक?"

आधी वाटलं, माझी फिरकी घेतायत. मी पिशवी काढून त्यांच्या तोंडासमोर धरली. त्यांनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा उतरला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाली की बरीच वर्षं."

"आणि कंपनीत सांगितलं नाही?"

"सांगून काय करू, चारुता? घरी बसवतील. धीरज असतोय की माझ्यासंगं. त्याचं नाक लई तिखट. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहतो. त्यानं नाक मुरडलं की समजायचं."

मला भयंकर संताप आला. आणि त्या संतापाच्या तळाशी नुसती भीती होती.

तेवढ्यात बाहेर मोटरसायकल थांबली. कुंभवलीचा धीरज बाबांना न्यायला आला होता. तो सरळ आत येऊन माझ्याजवळ उभा राहिला. पिशवी अजून माझ्या हातातच होती.

"काय ताई, झालं का शूटिंग? चला काका, उशीर होतो."

त्याच्या चेहऱ्यावर एक आठीसुद्धा उमटली नाही. दर्पणने रुमालाआडून माझ्याकडे पाहिलं. 

"धीरज," मी म्हटलं, "इथे कसला वास येतोय?"

तो हसला. "मला कुठला वास, ताई! माझं नाक कवाच गेलंय. पन आमचे काका हायेत ना. मी आपला त्यांच्या तोंडाकडं बघतो."

त्याने सवयीने बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. मग धीरजचं हसू हळूहळू ओसरलं. बाबा खुर्चीतून उठले.

"आता प्लँटमध्ये कोण आहे?"

"एकनाथ हाय. आनि त्याच्या पाळीची पोरं."

"त्याला येतो वास?"

"कदी इचारला नाय, काका."

"विचार."

धीरजने फोन लावून स्पीकर सुरू केला. मागे मशिनींची घरघर येत होती.

"एकनाथ, तुला वास येतो का रे?"

"मला कशाला विचारतोस?" एकनाथ हसत म्हणाला. "काका निघाले ना?"

बाबांनी धीरजच्या हातातून फोन घेतला.

"एकनाथ, काका बोलतोय. मला वास येत नाही. पोरांना घे आणि आधी बाहेर ये."