शेंडे कुलभूषण सत्कार

सिंदेवाहीच्या गुणवंतराव शेंड्यांना जनपद सभेच्या निवडणुकीचं तिकीट हवं होतं. पण लोकांना सांगावं असं आयुष्यात काही केलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी आडनावाला हात घातला. नागपूरच्या पेपरात कुठे शेंडे छापून आला की कात्रण वहीत डकवायचं. दोन वर्षांत तीन हिरे हाती लागले: मुन्सफ केवळराम शेंडे, राजुऱ्याचे पहेलवान मुखरू शेंडे आणि दंडारीत राणीचं सोंग गाजवणारे लटारू शेंडे. तिघांना सत्काराची पत्रं गेली. चांद्याहून फोटोवाला बोलावला. तिघांच्या मधोमध आपण बसलेला फोटो पेपरात आला की तिकीट खिशात, याबद्दल गुणवंतरावांना शंका नव्हती.

सत्तावन्न सालच्या पौषात मांडव पडला. गुणवंतराव तासभर बोलले. अवघे शेंडे एका रक्ताचे, असं त्यांनी तीनतीनदा ठासून सांगितलं. टाळ्याही बऱ्या पडल्या.

पत्रावळी मांडल्या जात असताना त्यांचे म्हातारे काका नानाजी कानाशी लागले. आमच्याकडे आडनाव ऐकून कुणाचं समाधान होत नाही. कोणते शेंडे, हे विचारावंच लागतं. ते नानाजींनी पाहुण्यांना विचारून घेतलं होतं. पहेलवान ढिवरांचे, नट न्हाव्यांचे, आणि मुन्सफसाहेबांनी तर गेल्याच वर्षी चांद्याला धम्मदीक्षा घेतलेली.

"पत्र लिवाच्या आंधी इचारलं नाई काऊन?" नानाजी म्हणाले.

गुणवंतरावांनी मनात हिशोब मांडला. सोबत जेवावं तर आपल्या कुणब्यांची मतं जातात. वेगळी पंगत मांडावी तर मघाचं भाषण अजून लोकांच्या कानात, आणि मुन्सफाला कायदा पाठ. अशा वेळी त्यांना देव आठवला.

"तुमी बसा जी," ते हात जोडून म्हणाले. "मले आज उपास आहे."

लटारूंनी बुधवारचा कोणता उपास म्हणून विचारलं. नवसाचा, असं गुणवंतरावांनी ठोकून दिलं. सकाळीच त्यांना स्वतःच्या हाताने सहा वडे वाढणाऱ्या रुखमाबाई, त्यांच्या पत्नी, भाताचं टोपलं घेऊन जागच्या जागी थबकल्या.

फोटोवाला काळ्या फडक्याखालून ओरडला, मधलं पान रिकामं दिसते. मुन्सफसाहेबांनी वर पाहिलं.

"वहिनी, तुम्हीही शेंडेच ना?"

रुखमाबाईंनी टोपलं खाली ठेवलं. नवऱ्याकडे पाहिलं, पदर सावरला आणि मधल्या पानावर बसल्या.

"मले कोणताच उपास नाई," त्या म्हणाल्या.

गुणवंतराव तोंडाला सुटलेलं पाणी गिळत खांबापाशी उभे राहिले. वडे संपेपर्यंत त्यांना तिथून हलताही येईना.

महिन्याभरात पेपरात फोटो आला. पाठोपाठ तिकीटही आलं, रुखमाबाई शेंडे यांच्या नावाने. गुणवंतराव बायकोच्या प्रचाराला गावोगाव हिंडले. नाव सांगितलं की लोक सवयीने विचारायचे, कोणते शेंडे? गुणवंतरावांनी तोंड उघडायच्या आत मागून कोणीतरी सांगून टाकायचं, "उपासवाले."