नोलास्कोशेजारची जागा

"सरासरी उत्तम आहे, एर्मिंदाबाई," थाळी बसवणाऱ्या बाल्तासारने इंटरनेटच्या मोजणीचा पडदा तिच्यापुढे धरला. "वेग चांगला आहे."

"सरासरीनं बाळंतपण होत नाही रे! डॉक्टरीणबाई पडद्यावर बोलता बोलता थिजतात, त्याचं सांग."

चिलीतल्या चिलोए द्वीपसमूहातल्या त्या लहानशा बेटावर दवाखान्याच्या दोन खोल्या आणि एर्मिंदा ही एकटी परिचारिका. डॉक्टर पडद्यावरच भेटत, छपरावरच्या, उपग्रहांकडून इंटरनेट घेणाऱ्या थाळीच्या कृपेने. अकरा दिवस घड्याळ समोर ठेवून तिने संपर्क तुटण्याची प्रत्येक वेळ वहीत टिपली होती. वही चाळून बाल्तासार छपरावर चढला.

"हे उपग्रह फार खालून जातात," तो उतरून म्हणाला. "एक सरकला की दुसरा धरायचा. तो नेमका तुमच्या सायप्रसच्या झाडांमागे असला, की तुटतं."

एर्मिंदाला वाटलं, वर कुणाच्या तरी होड्या चालल्या आहेत, न थांबता, न वल्हवता.

"सगळं आभाळ उघडं असं इथे फक्त टेकाडावरचं कब्रस्तान आहे," तो चाचरला. "तिथेही एकच जागा मोकळी. नोलास्कोंच्या शेजारी."

"ती माझी."

एकोणीस वर्षांपूर्वी शिंपल्यांसाठी बुडी मारलेला तिचा नवरा नोलास्को वर आलाच नाही. क्रुसाखाली त्याचा लोकरी सदरा तेवढा पुरला होता. एर्मिंदाने वही मिटली.

"थाळीच्या खांबाला जागा किती लागते?"

"हातभर."

"मग खण. मी काय, जरा सरकून झोपेन."

खांब उभा राहिला, टेकाडावरून तार खाली आली. दोन दिवसांच्या मोजणीत संपर्क एकदाही तुटला नाही. तिसऱ्या सकाळी सात महिन्यांची गरोदर रोसाल्बा पोट धरून आली. बाळाच्या हृदयाचे ठोके वीस मिनिटं सलग पडद्यापलीकडे जात राहिले. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या.

"मधूनच मंदावतायत," त्या म्हणाल्या. "एर्मिंदा, थांबू नका. बोट काढा."

"समुद्र खवळलाय, बाई."

"तरीही."

रोसाल्बाचा हात हातात धरून एर्मिंदा खाडीपारच्या इस्पितळात गेली. दुपारी मुलगी झाली; मूठभर, पण रडणारी.

परतल्यावर ती टेकाडावर चढली. धुक्यात समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं, कळत नव्हतं. तिने नोलास्कोच्या क्रुसाभोवतीचं गवत उपटलं; मग खांबाभोवतीचंही.