आबांनी पाहिलेला उजेड

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझा काळा रंग आरशासारखा चकाकत होता. या घरातल्या जन्माच्या, लग्नाच्या, परीक्षेच्या निकालांच्या बातम्या मीच आणल्या. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल आले आणि मी गॅलरीच्या दाराशी धूळ खात पडलो. मला हात लावत ते एकटे आबाच.

आबा जन्मभर बसचालक होते. आता त्यांना विसर पडू लागला होता. चहात मीठ घालायचे, मुलीला तिच्या आईच्या नावाने हाक मारायचे. नोकरी आणि आबा दोन्ही सांभाळताना मुलगी मेटाकुटीला आली होती.

एका संध्याकाळी दिवेलागणीला गॅलरीत लख्ख उजेड पडला. थोड्या वेळाने तावदाने खडखडली. आभाळ ढगाळ होते, टेकडीच्या बाजूलाच तेवढे मोकळे. आबा धावत आत आले.

"अगं, आगीचा गोळा गेला आभाळातून! हिरवागार! तुकडे झाले त्याचे!"

"कुठेतरी फटाका उडाला असेल, आबा," मुलगी स्वयंपाकघरातून म्हणाली. "बसा बघू गुपचूप."

आबांनी माझी तबकडी फिरवली. चौकशी करून वेधशाळेचा नंबर मिळवला. पलीकडे एक बाई होत्या.

"काका, शेवटी कुठे दिसेनासा झाला?"

"पाण्याच्या टाकीच्या डावीकडे. टेकडीमागे."

"बरं झालं कळवलंत. फार उपयोग होईल."

रिसीव्हर ठेवल्यावरही आबांचा हात कितीतरी वेळ माझ्यावरच होता.

"कोणाशी बोलत होतात?" मुलीने विचारले.

"वेधशाळेशी."

तिने नवऱ्याकडे पाहिले. "आता बंद फोनशीही बोलायला लागले," ती रडवेली होऊन म्हणाली. मी बंद नव्हतो. पण मी दुसऱ्यांचेच आवाज पोहोचवणारा. स्वतःचा आवाज कुठून आणू?

काही दिवसांनी आबांना वृद्धाश्रमात ठेवले.

हिवाळा सरता सरता मी खणखणलो. त्याच बाई होत्या. आबांनी सांगितलेल्या दिशेने शोधताना टेकडीमागच्या माळावर उल्केचा दगड सापडला होता. तो त्यांना आबांना दाखवायचा होता. "मीही येते तुमच्याबरोबर," मुलगी म्हणाली.

ती त्या बाईंबरोबर आबांकडे जाऊन आली. माझ्याशेजारी बसून नवऱ्याला सांगू लागली, "दगड हातात घेतला त्यांनी. म्हणाले, 'केवढा जड आहे!' मी म्हटलं, आबा, हा पडताना तुम्हीच पाहिलात. तर म्हणतात, 'कधी गं?' मग मीच सांगितलं सगळं. हिरवा उजेड, तुकडे. लहान मुलासारखे ऐकत होते. शेवटी म्हणाले, 'नशीबवान आहेस पोरी. तुला दिसला.'"

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण घरातले म्हातारे माणूस धावत येऊन काही सांगू लागले, तर हातातले काम टाका आणि त्याच्याबरोबर गॅलरीत जा. आभाळात तेव्हा काहीच उरलेले नसेल. तरीही जा.