एकोणतिसावी उडी

टक्! दुपारच्या सामसूम घरात दाराआडून आवाज आला. तो माझाच होता, मित्रांनो. खिळ्यावरून निसटून माझी लाकडी मूठ फरशीवर आपटली होती. मी एक जुनी दोरी आहे, उड्या मारायची.

चेन्नईत, गिंडीच्या एका लहानशा कारखान्यात मला मुठी बसवल्या. टी. नगरच्या बाजारातल्या गर्दीत नीलमने मला निवडलं, तेव्हा तिची रुचा सहा महिन्यांची होती. बाळंतपणात सुटलेलं अंग नीलमला उतरवायचं होतं. आठ दिवस आम्ही नेमाने गच्चीवर गेलो. मग बाळाला दात आले, ताप आला, नीलमचं ऑफिस सुरू झालं, आणि मी सात वर्षं रेनकोटामागे लोंबत राहिले.

त्या दुपारी मला रुचाने उचललं. "आई, ही मला?"

शाळेच्या दोरीउड्यांच्या संघात यायला न अडखळता पन्नास उड्या हव्या होत्या. निवडीला दोन आठवडे होते. नीलमने लेकीला माझ्या मध्यावर उभं करून मुठी वर ओढल्या, तर त्या पार तिच्या डोक्याशी गेल्या. मग तिने प्रत्येक मुठीखाली गाठ मारून मला काखेपर्यंत आखूड केलं. म्हणाली, "तू वाढलीस की सोडू."

गच्चीखालीच सरोजा मामींचं घर. पहिल्याच संध्याकाळी त्या वर आल्या. "अय्यो कण्णा, अगं बाळा, फळीवरचे डबे नाचतायत माझे! हत्तीचं पिल्लू पाळलंय का?"

नीलमने शिकवलं, टाच टेकवायची नाही, पंजावर उतरायचं, खांदे नाही, मनगट फिरवायचं. पाचव्या दिवशी मामींनी जिन्यात विचारलं, "आज उड्यांना सुट्टी वाटतं?" रुचा चाळीस मिनिटं उड्या मारून खाली उतरत होती!

पण अठ्ठावीसनंतर गाडी अडायचीच. घरी मराठीत मोजायचं, हा नीलमचा नियम. दिवसभर तमिळ बोलणाऱ्या रुचाला पुढचा आकडा सापडेपर्यंत हात ढिले पडत आणि मी तिच्या पायात येई.

"वीस-नऊ!" ती चिडून तमिळच्या चालीवर ओरडायची.

"तमिळमध्ये मोज गं राजा," शेवटी नीलमच हरली.

"नाही. तुझ्यासारखंच मोजणार."

मग नीलमने तिला दोन्ही कोपरं अंगाशी दाबून त्यांत रुमाल धरायला दिले. रुमाल पडला की पुन्हा एकपासून. जीभ अडली तरी हात अंगाशीच राहायला हवेत.

निवडीच्या शुक्रवारी शाळेच्या मैदानावर बाकीची मुलं तमिळमध्ये मोजत होती. रुचाचे ओठ मराठीत हलत होते. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस... ओठ थांबले. मनगटं थांबली नाहीत. मी तिच्या पायांखालून सुळकन निघाले. पन्नास झाल्या, त्रेपन्न झाल्या, शेवटी पीटीच्या मिसनीच थांबवलं. मित्रांनो, मी दोरी नसते, तर त्या दिवशी ताठ मानेने घरी आले असते.

तुमच्याही दाराआड माझ्यासारखी एखादी दोरी लोंबत असेल. तिला खाली घ्या. उन्हात टाकू नका, आणि काम झालं की सैल वेटोळं करून ठेवा.

संध्याकाळी नीलम माझं तसंच वेटोळं करत होती.

"आई, एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी ना?"

"हो."

"पण तीस तर अजून आलेच नव्हते. मग त्यातला एक कमी कसा झाला?"

नीलमने मला अर्धीच गुंडाळून बाजूला ठेवलं आणि बोटांवर मोजायला घेतलं.